खिळ्यावरची तार

ओजस, मुक्ता,

नदीपलीकडची गुऱ्हाळं परवा सुरू झाली. सकाळी गॅलरीचं दार उघडलं आणि वास आत आला. ताज्या गुळाचा नव्हे, तो नंतर येतो. आधी येतो तो चुलवाणात जळणाऱ्या पाचटाचा आणि कढईत वर चढलेल्या मळीचा, थोडा करपट, थोडा आंबूस. तुम्ही दोघं तिकडे उन्हाळ्यात आहात, ऑकलंडच्या समुद्रावर ऊन पडलेलं असेल. इथे मंगळवार पेठेत मी स्वेटर घालून, चष्मा पुसून, वही आखून बसले आहे.

आत्ताच का लिहिते, ते आधी सांगते. ओजस, गेल्या रविवारी तू फोनवर सांगितलंस की मित्राबरोबर भागीदारीत एक जुनी शिडाची होडी घेतली आहे. तिच्या डोलकाठीच्या सगळ्या तारा बदलायच्या आहेत. तारांना टोकं कोणती बसवायची, दाबाची की पेचाची, असं तू बाबांना विचारलंस. ते म्हणाले, "दाबाची घे. पेचाच्या भानगडीत पडू नकोस." आणि उठून गेले. मग तू मला विचारलंस, "आजी, आजोबांनी कोणती बसवली होती?"

मी म्हटलं, लिहून कळवते. तू हसलास. तुला वाटलं, आजी आहे, सगळं लिहूनच कळवते. खरं म्हणजे ते मला फोनवर सांगता आलं नसतं.

चौदा वर्षांपूर्वीचा असाच हंगाम. ओजस, तू पाच वर्षांचा होतास, आईबरोबर तिकडेच राहिला होतास. मुक्ता, तू अजून जन्मायची होतीस. तुमचे बाबा, म्हणजे आमचा अभय, दोन महिन्यांची रजा काढून एकटाच आला होता, कारण आजोबांची होडी पुरी व्हायची होती.

तुमच्या आजोबांचा उद्यमनगरात लेथचा छोटा कारखाना होता, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिथे तीन वर्षं, पंपांच्या आणि तेलाच्या डब्यांच्या मधोमध, एक चोवीस फुटी होडी वाढत होती. कोल्हापूरपासून समुद्र घाट उतरून चार तासांवर. येणारा जाणारा प्रत्येक माणूस दारात थांबायचा.

"मालक, पुराची तयारी चालू हाय व्हय?"

"व्हय तर. तुमच्या गल्लीत पाणी आलं की हाक मारा. भाडं घेनार न्हाय."

आजोबांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो लग्नानंतर, माझ्याबरोबर, देवगडला. तेव्हा खाडीच्या तोंडाशी एक शिडाची होडी आवाज न करता आत येत होती. ते कितीतरी वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "इंजिन न्हाई, आवाज न्हाई, धूर न्हाई. कशाच्या जीवावर चाललंय गं हे?" आयुष्यभर मोटारींच्या आवाजात उभा राहिलेला माणूस. मला वाटतं, होडी त्या दिवशीच सुरू झाली.

शिडाची होडी वाऱ्यावर चालते, पण तिची डोलकाठी उभी राहते ती तारांवर. पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी पोलादी तारा तिला ताणून धरतात. आमच्या होडीला अशा सहा तारा होत्या, म्हणजे बारा टोकं. तार कितीही चांगली असली तरी तिचं टोक कशाने तरी पकडावं लागतं, आणि सगळा भरवसा त्या पकडीवर असतो. एक प्रकार दाबाचा. तार नळीत घालायची आणि यंत्राने नळी दाबून टाकायची, कायमची. दुसरा पेचाचा. त्यात तारेचा पीळ टोकाशी उलगडायचा, मधल्या तारांवर एक छोटा पितळी शंकू सरकवायचा, बाहेरच्या तारा त्या शंकूभोवती पुन्हा वळवून बसवायच्या आणि वरून आट्यांची टोपी आवळायची. जितका ताण येईल तितकं ते घट्ट धरतं. आणि दोन पाने असले की कुठेही उघडता येतं.

या दोहोंवरून आमच्या स्वयंपाकघरात तीन दिवस रण माजलं होतं.

आजोबा म्हणायचे, "आपल्याकडं प्रेस हाय. येकदा दाबलं की इषय संपला."

"बाबा, तोच तर प्रश्न आहे. दाबलेलं टोक आतून गंजत असलं तरी बाहेरून चकचकीत दिसतं. एक दिवस तुटतं तेव्हाच कळतं. पेचाचं दरवर्षी उघडून बघता येतं."

"रोज लगीन लावून रोज तपासायचं व्हय, बायको नांदती का न्हाई म्हणून?"

"आणि समुद्रात काही झालं तर प्रेस पाठीवर नेणार आहात का?"

यावर आजोबा हसले. हरले की ते मोठ्याने हसायचे. मग भाकरीचा तुकडा ठेच्यात बुडवत त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मास्तरीणबाई, तुमचं काय म्हननं?"

ते मला मास्तरीण म्हणत. मी सव्वीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आणि घरातही तशीच वागले. डाळींच्या डब्यांवर चिठ्ठ्या, विजेच्या बिलांची फाइल, प्रत्येक किल्लीला नाव. मी म्हटलं, "जे उघडून तपासता येतं ते बरं."

"झालं. बोर्डाचा निकाल लागला," आजोबा म्हणाले.

म्हणजे ओजस, तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे, की पेचाची बसवली होती, आणि शेवटचं मत माझं होतं.

अभयने येताना तारेचं भेंडोळं आणि पेचाच्या टोकांचे दोन नमुने आणले होते, दोन वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत. बाराच्या बारा तो तिकडून आणणार होता, पण आजोबांनी फोनवरच त्याला थांबवलं होतं. उद्यमनगरात नमुना मागतात, माल मागत नाहीत. जर्मन पंपाचा भाग असो की जपानी शिवणयंत्राचा, नमुना टेबलावर ठेवायचा, चहा सांगायचा आणि म्हणायचं, "असलंच पायजे." आठ दिवसांत तसाच भाग हातात. कधीकधी मूळचा कुठला आणि इथला कुठला हे कळायचं नाही, म्हणून मूळच्याला खडूची खूण करून ठेवायचे. या गोष्टीचा आजोबांना जो अभिमान होता तो पैशाअडक्याचा नव्हता. "सायबानं केलेलं मानसानंच केलेलं असतंय," हे त्यांचं वाक्य.

पण तारेचा पीळ उलगडून परत घालणं हे लेथचं काम नव्हतं. आजोबांची बोटं जाड, अभयला धीर कमी. पहिल्या दिवशी दोघांनी मिळून वीतभर तारेची अशी काही केरसुणी केली की ती केरात टाकावी लागली. तेव्हा मला पद्माक्का आठवली.

पद्माक्का हुपरीची. घरीच बसून पैंजणांच्या कड्या जोडायची. माझ्या एका विद्यार्थिनीची ती आई, त्यामुळे ओळख. निरोप गेल्यावर ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आली, हातात चिमट्याची पुरचुंडी. तिने आयुष्यभर चांदीची तार वळली होती, पोलादाची पहिल्यांदाच हातात धरली.

"आगं बया, ही तर नवऱ्यासारखी हाय. वाकत न्हाई."

आजोबा खो खो हसले. पद्माक्काने पदर खोचला, तार मांडीवर घेतली आणि बोटांनी नुसती चाचपत राहिली. एकोणीस बारीक तारांचा पीळ. बाहेर बारा, आत सात. मग तिने टोकाला पीळ उलटा देऊन एकेक तार फुलाच्या पाकळीसारखी बाजूला केली. अभय पक्कड घेऊन पुढे झाला तशी तिने त्याच्या हातावर चापट मारली.

"सरळ करू नगंस. उलगडायची, पर सरळ करायची न्हाई. तिला तिचं वळान ठावं असतंय. तू सरळ केलीस का ती इसरती, मग जलमात परत बसत न्हाई."

त्या दुपारी तिने मला शिकवलं. मी, जिने विद्यार्थ्यांना कधी दुसरी संधी दिली नाही, ती पद्माक्कापुढे पाचदा चुकले. सहाव्यांदा शंकू आतल्या सात तारांवर अलगद सरकला आणि घट्ट बसला. बाहेरच्या बारा तारा, एकीवर एक न चढता, त्याच्याभोवती आपापल्या जागी गेल्या. मी टोपी आवळली. फूटभर तारेच्या टोकाला, अभयने आणलेल्या दोहोंपैकी एका नमुन्याचं, माझ्या हातचं पहिलं टोक तयार झालं.

आजोबांनी ते उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिलं. मग कारखान्यातल्या त्यांच्या लेथमागच्या भिंतीत एक खिळा ठोकला आणि ते त्यावर टांगलं. शेजारच्या खिळ्यावर त्यांच्या वडिलांचा फोटो होता.

आता मला लिहायचं आहे ते लिहिते. इतका वेळ गुऱ्हाळं आणि पैंजण लिहीत बसले, ते यासाठीच की हे पुढे ढकलता यावं. मुलांच्या निबंधात हीच खोड मी लाल शाईने दाखवत असे.

दुसऱ्या दिवशी अभय आठ दिवसांसाठी सांगलीला सासुरवाडीला गेला. घर आवरताना मला त्या दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या दिसल्या. एक रिकामी, दुसरीत उरलेला नमुना. त्या पिशवीत एक चिठ्ठीही होती, अभयच्या अक्षरात, इंग्रजीत. वरच्या ओळीत लिहिलं होतं, पाव इंच. मी मनात म्हटलं, पाव इंच म्हणजे दोन सूत. आमच्या घरात, अख्ख्या उद्यमनगरात, दोन सूत म्हणजे सहा मिलिमीटर. जुने कारागीर सूत म्हणायचे, नवी पोरं एमेम म्हणायची, आणि वस्तू एकच असायची. पंपाच्या बोल्टाला चालून जायचं. आपली तार सहा मिलिमीटरची होती. म्हणजे बरोबर. चिठ्ठीच्या खाली आणखी एक ओळ होती, ती मी वाचली नाही. कारण चिठ्ठीची मागची बाजू कोरी होती आणि मला देवगडला जायच्या सामानाची यादी करायची होती. कोरा कागद मी कधी फुकट घालवत नाही.

नमुना मी धुतला, पुसला आणि एका डब्यात ठेवला. डब्यावर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लावली, "तारेची टोकं, ६ मि.मी., नमुना दुसरा."

दोन दिवसांनी आजोबांनी तो डबा लेथवर घेतला. मी त्यांचा जेवणाचा डबा घेऊन गेले होते. रसूलभाई, जे आजोबांच्या शेजारच्या लेथवर वीस वर्षं उभे होते, त्यांनी भिंतीकडे मान करून विचारलं, "मालक, त्यो खिळ्यावरचा उघडून माप घ्यायचं का? पैला त्योच हुता न्हवं?"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. "उगंच कशाला. मास्तरणीच्या हातचं पैलं हाय त्ये. दोन्ही येकच न्हवं?"

"एकच," मी म्हटलं. "मी लिहून ठेवलंय."

एवढंच. मी चार शब्द बोलले आणि डबा ठेवून घरी आले.

त्यांनी दुसऱ्या नमुन्यावरून बारा टोकं केली. इतकी हुबेहूब की अभय परत आल्यावर हातात घेऊन बघतच राहिला. त्याने विचारलं नाही, कुठल्यावरून केली. त्याला विचारायचं कारण नव्हतं. घरात मी होते.

बाराही टोकं मीच वळवून बसवली, आणि माझ्या बोटांना तेव्हाच कळलं होतं. पहिल्या वेळी शंकू आतल्या तारांवर जसा घट्ट बसला होता तसा या वेळी बसत नव्हता. किंचित डुलायचा, नखाच्या जाडीएवढा. मी मनाशी म्हटलं, घरी केलेलं आहे, चालायचंच. सांधा पाण्यापासून वाचवायला आत चिकट लेप भरत होतो, तो वाळला की डुलणं थांबत होतं. साखळीला लावून प्रत्येक तार ताणून पाहिली. सगळ्यांनी धरलं. रसूलभाईंनी नारळ फोडला.

देवगडला ट्रकने होडी गेली ती फोंडा घाटाने. आजोबा ट्रकमध्ये, मी आणि अभय मागे गाडीत. वाटेत राधानगरीपर्यंत उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॉलीवाल्याने थांबून विचारलं, "पावणं, हे काय न्हेताय?" आजोबांनी ट्रकातून खाली वाकून सांगितलं, "मास्तरीण न्हेतोय." तेव्हा माझं लक्ष गेलं. होडीच्या मागच्या बाजूला, रात्रीतून कधीतरी, पांढऱ्या रंगात नाव काढलेलं होतं. मास्तरीण. अक्षरं गिरवून काढलेली होती, माझ्या हस्ताक्षरासारखी.

त्या दिवशी खाडीवर जो वारा होता तो मला अजून अंगावर आठवतो. होडीत आजोबा आणि अभय; मी धक्क्यावर होते, थर्मास आणि डबा घेऊन. शीड भरलं. होडी आवाज न करता निघाली, आणि आजोबांनी लांबून हात वर केला, उजवा हात. त्या हाताला मी नंतर अकरा वर्षं बघत राहिले.

खाडीच्या तोंडाशी लाटा आडव्या येतात. तिथे होडी दोन-तीनदा जोरात हलली. मग एक आवाज झाला, फार मोठा नाही, दोरीवरचं ओलं पातळ कुणी झटकावं तसा. डोलकाठी सावकाश, अगदी सावकाश कलली. शीड पाण्यावर पसरलं. माझ्या हातातून थर्मास सुटलेला मला कळला नाही. शेजारच्या कोळणीने माझं मनगट धरून ठेवलं होतं.

डोलकाठी आणि होडीची कड यांच्या मध्ये आजोबांचा उजवा हात सापडला. दोन बोटं गेली, तर्जनी आणि मधलं. लेथवाल्याची बोटं.

दवाखान्यात, हाताला पट्टी बांधलेली, त्यांनी अभयला ती निसटलेली तार आणायला लावली. डाव्या हातात धरून बघितली. मग म्हणाले, "तुटली न्हाय. निसटली." मला त्या वाक्याचा अर्थ लगेच कळला. तुटली असती तर दोष तारेचा. निसटली म्हणजे दोष करणाऱ्याचा.

"माझा हात हलला," ते म्हणाले.

"नाही बाबा," अभय म्हणाला. "तुम्ही दाबाचं म्हणत होता. मीच हट्ट केला."

दोघंही एकमेकांकडे न बघता बोलत होते. आठव्या दिवशी अभय परत गेला. त्यानंतर बापलेकांचं फोनवर बोलणं व्हायचं ते असं: "पाऊस हाय का?" "आहे." "हितं न्हाय." मग फोन माझ्याकडे.

बाराव्या दिवशी मी पर्स आवरली. सामानाच्या यादीचा कागद निघाला. शेंगदाण्याची चटणी, टॉवेल दोन, कापूर, आयोडीन. मी तो उलटा केला. पाव इंच. आणि खालची ओळ: फक्त बाबांना कापून आतून दाखवायला, आपल्या मापाचं नाही.

मी तो कागद हातात घेऊन गॅलरीत गेले. तिथे आजोबा बसले होते, रसूलभाई भेटायला आले होते. आजोबा त्यांना सांगत होते, "इतकी वर्सं लेथ चालवली, रसूल, आनि हात हलला कुठं, तर आपल्याच होडीवर." आणि हसत होते. हरल्यावर हसायचे तसे, मोठ्याने. मी कागद मुठीत बंद केला आणि विचारलं, "चहा करू?"

तेव्हा का बोलले नाही? मी याची बरीच उत्तरं काढली आहेत. त्यांना आणखी धक्का नको, हे पहिलं उत्तर. आता सांगून बोटं येणार आहेत का, हे दुसरं. दोन्ही खोटी. खरं असं की त्या घरात माझी चूक कधी कुणी काढलीच नव्हती. बाकी सगळे चुकायचे आणि मी दुरुस्त करायची. त्या माणसाने होडीवर माझं नाव काढलं होतं. ते नाव मला पुसायचं नव्हतं.

मग दिवस गेले. आजोबा उरलेल्या बोटांनी भाकरी मोडायला शिकले, अंगठा आणि करंगळीच्या शेजारचं बोट, चिमट्यासारखं. लेथला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. कारखाना रसूलभाईंना चालवायला दिला आणि रोज सकाळी तिथे जाऊन खुर्चीवर बसायचे. एखादा नवा माणूस म्हणाला, "मालक, एवढं करून द्या की," तर हात वर करून दाखवायचे, "ह्या हाताचा भरवसा न्हाय बाबा."

मी दरवेळी ते ऐकत असे, आणि दरवेळी गप्प बसत असे. जे उघडून तपासता येतं ते बरं, असं मत देणारी मी.

तीन वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हाही गुऱ्हाळं चालू होती. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी ते म्हणाले, "त्ये खिळ्यावरचं तू केलेलं हाय न्हवं, त्ये बराबर हुतं बघ. इतकी वर्सं टांगलंय, तसूभर हललं न्हाय. आमचंच चुकलं." त्यांनी माझा हात धरला होता, त्या तीन बोटांनी. माझ्या तोंडात ते वाक्य आलं होतं. अगदी ओठांपर्यंत. मी म्हटलं, "बोलू नका जास्त, दम लागेल."

मुलांनो, याच्यापुढे मला काही शिक्षा नको आहे. ते वाक्य मी रोज सकाळी पुरं करते आणि ऐकायला कुणी नसतं.

ओजस, तुझा फोन आल्यावर सोमवारी मी रिक्षा करून उद्यमनगरात गेले. डब्यातला तो दुसरा नमुना बरोबर घेतला होता. रसूलभाई आता थकलेत, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. खुर्ची मात्र आजोबांचीच ठेवली आहे, तिच्यावर ते स्वतः बसत नाहीत. मी त्यांना सगळं सांगितलं, त्या कागदासकट. त्यांनी ऐकून घेतलं, व्हर्नियर काढला, नमुना धरला, चष्मा वर करून आकडा वाचला. मग आपल्या सहा मिलिमीटरच्या तारेचा एक तुकडा त्यात सरकवला आणि हलवून दाखवला. डुलत होता.

"वैनी, ह्ये दोन सूत, म्हंजे सव्वासा एमेमच्या वर. आपली तार सा एमेमची. येगळी मापं हैत."

"माहीत आहे."

"कवापासनं?"

"बाराव्या दिवसापासून."

कोल्हापूरची माणसं गोड बोलून टाळत नाहीत, आणि रसूलभाईंनीही टाळलं नाही.

"लई वाईट केलंसा. मालक मरंस्तवर म्हनत हुतं, रसूल, माझा हात हलला. त्येंचा हात कवाच हलला न्हवता. जसा नमुना, तसा माल. केसाचा फरक न्हाई." मग त्यांनी कारखान्यातल्या पोराला न सांगता स्वतः उठून माझ्यासाठी स्टुलावर पाण्याचा तांब्या ठेवला. "मालकास्नी आता सांगता याचं न्हाय. पर अभय हाय की. त्यो जित्ता हाय. त्येला सांगा."

निघताना त्यांनी खिळ्यावरची ती तार काढून, पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या पिशवीत घातली.

मी मंगळवारी तुमच्या बाबांना फोन केला. सगळं सांगितलं, न रडता, क्रमाने. मग ते म्हणाले, "बाबांना ठाऊक नव्हतं?"

"नाही."

"म्हणजे त्यांचं काही चुकलं नव्हतं."

"नाही. तुझंही नाही."

"मी आल्यावर माप घ्यायला हवं होतं, आई." आणि मग, अगदी लहानपणीच्या आवाजात, "अकरा वर्षं आम्ही पावसाबद्दल बोललो गं." त्यानंतर ते म्हणाले, नंतर बोलतो. आज शनिवार. अजून फोन आलेला नाही. मी वाट बघते आहे, पण तो यावा असा माझा हक्क नाही. तुम्ही त्यांना काही म्हणू नका. फक्त रविवारी त्यांच्याबरोबर होडीवर जा.

आता तुझ्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर. ओजस, दाबाची टोकं घे किंवा पेचाची घे; दोन्ही चांगली असतात. पण आमच्या अपघाताला भिऊन निवडू नकोस. पेचाच्या टोकाने दगा दिला नव्हता. बाबांचा हट्ट चुकीचा नव्हता आणि आजोबांचा हात हलला नव्हता. पेचाची घेतलीस तर प्रत्येक तुकडा तारेला लावून स्वतः माप. चिठ्ठीवर विश्वास ठेवू नकोस, कुणाच्याही. पीळ उलगड, पण सरळ करू नकोस. शंकू डुलला तर थांब. कितीही उशीर झालेला असो, कितीही माणसं वाट बघत असोत, थांब आणि विचार.

मास्तरीण होडी देवगडच्या एका मच्छीमाराकडे आहे. त्याने डोलकाठी लावली नाही, इंजिनावर चालवतो. नावाचा रंग उडाला असेल. पद्माक्काची नजर गेली, सून पैंजण करते. कारखाना चालू आहे.

आणि टेबलावर, वर्तमानपत्राच्या घडीवर, ही फूटभर तार आहे. हिच्या टोकात बरोबर मापाचा शंकू आहे, आणि बारा तारा त्या दुपारी जिथे बसवल्या तिथेच आहेत. आज सकाळी मी ती दोन्ही हातांनी ओढून पाहिली. ती सुटली नाही.

तुमची,
आजी